ओली पत्ती

दात दुखला म्हणून हणमंत गुरव मरायला टेकला, असं पुढं तासगावात लोक सांगत, आणि गंमत म्हणजे त्यात खोटं काहीच नव्हतं.

तसा तो आधीच टेकलेला होता. शौचातून रक्त जायला लागलं, ते त्यानं वर्षभर मूळव्याधीच्या नावावर खपवलं. शेवटी चक्कर येऊन रस्त्यात पडला, तेव्हा कुणीतरी मिरजेला नेलं आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला. आतड्याचा तुकडा काढला, पण तोवर रोग यकृतात जाऊन बसला होता. वय सहासष्ट. बायको सुमन जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती एक मुलगी शीतल लग्न होऊन पुण्याला. धाकटा भाऊ शिवाजी पलीकडच्या गल्लीत, पण तो सणावारापुरता. मिरजेच्या हॉस्पिटलात इतर पेशंटांबरोबर दोन-दोन माणसं यायची, डबे यायचे, उशा यायच्या. हणमंत आपली पिशवी आपणच घेऊन यायचा आणि आपणच घेऊन जायचा.

धंदा सनईचा. म्हणजे होता. २०४१ सालात लग्नात सनईवाला कशाला लागतो? मांडवाच्या खांबाला एक डबा टांगला की झालं. त्या डब्याला डोळा असतो. भटजींनी अंतरपाट धरला की तो ओळखतो, नवरी डोळे पुसायला लागली की तो सूर उतरवतो, आणि वऱ्हाड जेवायला बसलं की आपोआप गप्प होतो. त्याला बिदागी नको, येण्याजाण्याचं भाडं नको, त्याच्यासाठी पान वाढायला नको. हणमंतनं पहिल्यांदा त्याला शिव्या घातल्या, मग एकदा लांब उभं राहून नीट ऐकलं आणि घरी येऊन सनई कपाटात ठेवून दिली. वाईट वाजवत असता तर बरं झालं असतं, पण तो डबा चांगलं वाजवत होता.

मिरजेला त्याला डॉक्टर नाझनीन मुजावर भेटल्या. वयानं शीतलएवढ्या, बोलायला सडेतोड, आणि पेशंटला कळेपर्यंत सोडायचं नाही ही एक खोड. त्यांनी हणमंतला समोर बसवून सगळं सांगितलं, आणि ते आपल्यालाही समजून घ्यावं लागेल, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

आपल्या रक्तात प्रतिपिंडं असतात. शरीरात परकं काही शिरलं की त्याच्या अंगावरची एकच खूण ओळखून त्याला जाऊन चिकटायचं, हे त्यांचं काम. कर्करोगाच्या पेशींच्या अंगावर वाढीचा हुकूम घेणारी काही टोकं असतात. ती टोकं ओळखणारी प्रतिपिंडं प्रयोगशाळेत तयार करून शिरेतून सोडली, तर हुकूम आत पोचत नाही आणि गाठ उपाशी पडते. आतड्याच्या कर्करोगावर हे औषध जुनंच. पण त्यात दोन भानगडी होत्या. एक म्हणजे तसलीच टोकं कातडीवरही असतात, त्यामुळं माणसाचं तोंड फोडांनी भरून जायचं. दुसरी म्हणजे निम्म्या लोकांच्या गाठींत हुकूम आतल्या आतच सुटायचा, मग बाहेर पहारा ठेवून उपयोग काय?

दुसऱ्या भानगडीवर उपाय निघाला तो असा, की प्रतिपिंडाच्या पाठीवर जहाल विष लादायचं. चिकटलं की पेशी मेलीच. पण ते विष घेऊन ते कातडीला चिकटलं तर? म्हणून त्याच्या तोंडावर टोपण बसवलं. टोपण असेपर्यंत ते कशालाच चिकटत नाही, रक्तात नुसतं फिरत राहतं. टोपण उघडायचं फक्त गाठीजवळ. आणि ते उघडणार कोण, तर एक जिवाणू.

हा जिवाणू राहतो माणसाच्या तोंडात, हिरड्यांच्या फटीत. पण आतड्यात गाठ झाली की तो तिथं जाऊन मुक्काम ठोकतो, आणि गाठ यकृतात पसरली की तिच्याबरोबर यकृतातही जातो. का जातो हे अजून कुणाला पुरतं कळलेलं नाही. हवा त्याला सोसत नाही, आणि गाठीच्या पोटात हवा नसते, एवढं खरं. तिथं बसून तो स्वतःचं एक विकर सोडतो, म्हणजे कात्रीसारखं काम करणारं रसायन. त्या कात्रीनं टोपण कापलं जातं, आणि मग प्रतिपिंड जागं होतं.

“पण काका, प्रत्येक माणसाच्या तोंडातला वाण वेगळा,” डॉक्टर म्हणाल्या होत्या. “वाण वेगळा तर कात्री वेगळी. म्हणून तुमचं टोपण तुमच्या वाणाच्या मापानं बनवलंय. दुसऱ्याच्या कात्रीनं ते उघडणार नाही.”

हणमंतला ते लगेच पटलं. सनईच्या तोंडाशी बसवायची, ओठांत धरून फुंकायची पत्तीही अशीच. एकाच्या तोंडाला बसलेली दुसऱ्याच्या तोंडात बोलत नाही. अपवाद असतो, पण तो त्या वेळी त्याच्या मनात आला नाही.

औषध सुरू झालं आणि गाठी खरोखर आटायला लागल्या. भूक लागायला लागली. शीतल पुण्याहून फोनवर रडली, हसली, दिवाळीला घेऊन जाते म्हणाली. आणि अशा सगळ्या चांगल्यात दात दुखला.

खालची दाढ. दोन रात्री गाल धरून बसला आणि तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडं गेला. मेडिकलवाल्यानं विचारलं नाही, यानं सांगितलं नाही. दातदुखीच्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर. अर्धा तालुका हेच करतो. पुढच्या आठवड्यात दाढही काढून टाकली. मिरजेला विचारलं, मध्ये काही औषध घेतलं का, तर हणमंत छातीठोकपणे नाही म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. औषध पोटाचं असतं, दाताच्या असतात त्या गोळ्या.

त्या गोळ्या नेमक्या हवा न सोसणाऱ्या जिवाणूंना मारणाऱ्या होत्या. हिरडीतला वाण मेला, गाठीतलाही मेला. रक्तात विष घेतलेली लाखो प्रतिपिंडं फिरत राहिली, टोपण घालून, आणि उघडायला कुणी नव्हतं. पुढच्या तपासणीत गाठी पुन्हा वाढलेल्या दिसल्या.

डॉक्टर मुजावर रागावल्या नाहीत. त्यांनी त्याच्याकडून गोळ्यांची गोष्ट काढून घेतली आणि त्याला आठवड्यानं परत बोलावलं. मग म्हणाल्या की प्रयोगशाळेत जपून ठेवलेला नमुना जिवंत करायचा प्रयत्न केला, झाला नाही. नवं टोपण बनवायचं तर गाठीत दुसरा कुठलातरी वाण यायला हवा, आणि तेवढा वेळ हातात नाही. मार्ग एकच. तोच वाण ज्याच्या तोंडात अजून जिवंत आहे, त्याच्याकडून आणायचा, वाढवायचा आणि सुईनं गाठीत नेऊन सोडायचा. तोंडातले हे वाण घरातल्या घरात फिरतात. आईकडून मुलाला, नवऱ्याकडून बायकोला.

मग शीतलची लाळ पुण्याहून मागवली. शिवाजीची घेतली. दोन्ही जुळल्या नाहीत. सुमनची तर घ्यायला सुमन नव्हती, पण तिचा वाण असता तर तो शीतलमध्ये थोडातरी दिसला असता, असं डॉक्टरांचं म्हणणं. आणि इथं डॉक्टर मुजावर, ज्या पेशंटला मृत्यूबद्दल सरळ डोळ्यांत बघून सांगत, त्यांची पहिल्यांदा पंचाईत झाली. त्यांनी टेबलावरचं पेन उचललं, ठेवलं.

“काका, रागावू नका. हा वाण तुमच्या घरातला नाही. आणि एकदा-दोनदा संबंध येऊन तो असा ठाण मांडत नाही. वर्षानुवर्षं ज्यांच्या तोंडाचा तुमच्या तोंडाशी... असं कुणी होतं का? मी कुणाला सांगणार नाही. पण ती व्यक्ती आपल्याला हवी आहे.”

हणमंतनं नाही म्हणून मान हलवली. पण मान हलवता हलवताच त्याला कळलं होतं.

डॉक्टरांनी सांगितलं नाही तरी गोष्ट फुटलीच, कारण लाळ का जुळली नाही हे शीतलनं आणि शिवाजीनं प्रयोगशाळेतल्या माणसांना आपापल्या परीनं विचारून घेतलं होतं. शिवाजी संध्याकाळी मुद्दाम येऊन बसला, तंबाखू मळली आणि म्हणाला, दादा, वाजवायला गावोगाव फिरायचास, माणूस आहे, चालायचंच. त्याच्या आवाजात चक्क आदर होता. आयुष्यात पहिल्यांदाच धाकट्या भावाला थोरल्याबद्दल काही वाटलं होतं. शीतलचा फोन मात्र बदलला. रोज करायची तशी ती करायची, जेवलात का विचारायची, पण दिवाळीचं नाव काढायची नाही. एकदा हळूच म्हणाली, “आईला माहीत होतं का?” दारात कुणीतरी आलंय म्हणून हणमंतनं फोन ठेवला.

तो बोलला असता तर एका वाक्यात सगळं मिटलं असतं. पण त्यानं भावाला आणि मुलीला, आपली कुठंतरी एक बाई होती, असं खुशाल समजू दिलं. ते नाव घेण्यापेक्षा हे सोपं होतं. बाईचं लोक चार दिवस बोलतात आणि विसरतात.

नाव उत्तम आवळे.

सनई एकट्यानं वाजत नाही. एक जण राग वाजवतो, दुसरा नुसता सूर धरून असतो, न तोडता, नाकानं श्वास घेत आणि गालांनी हवा ढकलत. पहिला भटकून येतो, दुसरा जागेवर थांबतो. हणमंत पहिला, उत्तम दुसरा, वीसेक वर्षं. आणि पत्त्या उत्तमच्या हातच्या. नवी पत्ती कोरडी असते, तोंडात घातली की किंचाळते. तिला लाळेत भिजवून, वाजवून वाजवून वळणावर आणावं लागतं. त्या कामाला हणमंतचं तोंड उपयोगाचं नव्हतं, त्याला धीर नव्हता. उत्तम सकाळपासून पत्ती गालात धरून बसायचा, मधूनच फुंकून बघायचा, पुन्हा गालात ठेवायचा. मुहूर्ताच्या वेळेला ती तोंडातून काढून पुढं करायचा. हणमंत ती तशीच ओली आपल्या सनईला लावायचा आणि ओठांत धरायचा. एकाच्या तोंडाला बसलेली पत्ती दुसऱ्याच्या तोंडात बोलते, तो हा अपवाद. बघणारे वाहवा करत.

आणि याच हणमंतनं उत्तमच्या घरी कधी पाण्याचा घोट घेतला नव्हता. तसं त्यानं ठरवलं वगैरे नव्हतं. टपरीवर दोघं एका बाकावर चहा प्यायचे. पण उत्तमच्या वस्तीत गेला की उंबऱ्याबाहेरूनच हाक मारायचा, आत ये म्हटलं की घाई आहे म्हणायचा. घरात तसं चालत नाही, वडील आहेत, भावकी आहे. वडील गेले तरी घाई राहिली. पत्ती तोंडात घालताना यातलं काही आठवायचं नाही, कारण तो सूर होता. पाणी मात्र पाणी होतं. उत्तमला हे कळत नव्हतं असं नाही. तो हसून सोडून द्यायचा.

शीतलच्या लग्नात दोघांनी वाजवलं. पोरीच्या लग्नात बापानंच सनई वाजवावी, याचं लोकांना कौतुक. मग पंगत बसली. उत्तम सवयीनं हणमंतच्या शेजारी पाटावर बसला, पान मांडलं, मीठ वाढलं गेलं. तेवढ्यात व्याह्यांचा कुणी चुलता आला आणि हणमंतच्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, वाजंत्र्यांची पंगत पलीकडं आहे ना? हणमंतही वाजंत्रीच होता. पण चुलता कुणाबद्दल बोलतोय हे सगळ्यांना समजलं होतं. उत्तमनं हणमंतकडं बघितलं. हणमंत म्हणाला, “उत्तम, तिकडं बस की जरा. नंतर बोलू.”

उत्तम उठला. नळावर हात धुतले, सनई कापडात गुंडाळली आणि गेला. आरडाओरडा नाही, काही नाही. नंतर बोलू म्हटलेलं बोलणं कधी झालं नाही. शीतलनं विचारलं तेव्हा हणमंतनं सांगितलं की त्याला दुसरी सुपारी होती, दुसऱ्या लग्नात वाजवायची. पुढं उत्तम गाव सोडून इचलकरंजीला मुलाकडं राहायला गेला. हणमंतनं दुसरे जोडीदार धरून बघितले. कुणाचा सूर टिकायचा नाही, कुणाची पत्ती बोलायची नाही. तो डबा आला, तेव्हा हणमंतच्या सनईत तसाही जीव उरलेला नव्हता. लोक डब्याला बोल लावत आणि तोही लावू देत असे.

असे आठवडे गेले. पोट फुगायला लागलं, डोळे पिवळट दिसायला लागले. डॉक्टर मुजावरांनी फोन करून एवढंच विचारलं, “काका, कुणी आठवलं का?” त्यांच्या आवाजात घाई नव्हती आणि त्यानंच हणमंत घाबरला. डॉक्टर समजूत घालायला लागले की वेळ संपत आली, असं त्याला वाटत असे. घरात तो एकटा होता. मेलो तर दुपारपर्यंत तरी कळणार नाही, हे त्यानं मनाशी नीट मोजून बघितलं, आणि मरण्यापेक्षा त्या दुपारचीच त्याला जास्त भीती वाटली. दुसऱ्या दिवशी तो मिरजेला गेला आणि माणूस सापडलाय म्हणून सांगितलं.

हॉस्पिटलनं त्याला एक नळी दिली. आत हवा नसलेला दाट रस, वर दुहेरी झाकण, ठेवायला जेवणाच्या डब्याएवढी पेटी. हिरडीवरून काडी फिरवून नळीत टाकायची, थोडी लाळ घालायची आणि लगेच झाकण बंद. आमचा माणूस पाठवतो असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. हणमंत म्हणाला, नको, मीच जातो.

इचलकरंजीत उत्तमचं घर गल्लीच्या टोकाला, दुमजली. खालच्या खोलीत भिंतीला लागून मांडवातले ते डबे रचून ठेवलेले, पंधरा-वीस तरी असतील, हिरवे दिवे लावून चार्जिंगला. उत्तमचा मुलगा अमर ते भाड्यानं देत असे. ते बघून हणमंतला हसू आलं आणि लगेच गेलं. दार उघडलं सुनेनं. तिनं ओळखलं नाही, पण म्हातारा माणूस उन्हातून आलाय म्हणून पाणी आणलं. हणमंतनं फुलपात्र तोंडाला लावलं आणि खाली ठेवलं तेव्हा ते रिकामं होतं.

“तहान लागली हुती वाटतं,” मागून आवाज आला.

उत्तम जिन्याच्या पायरीवर उभा होता. केस सगळे पांढरे, पण पाठ तशीच ताठ.

“उत्तम,” हणमंत म्हणाला.

“बसा,” उत्तम म्हणाला.

वीस वर्षं तो त्याला हणमा म्हणत आलेला. चिडला तर हणम्या. आता बसा. हणमंत कडेला अंग चोरून बसला.

त्यानं सगळं सांगितलं. आतडं, यकृत, टोपण, कात्री, दाढ. डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याच क्रमानं सांगितलं, कारण दुसऱ्या कुठल्या क्रमानं बोलायला गेलं तर आपण मध्येच कोसळू असं त्याला वाटत होतं. उत्तम मन लावून ऐकत होता. एकदा त्यानं विचारलं की याचा मला काही धोका आहे का. हणमंतनं सांगितलं, नाही, हा कित्येकांच्या तोंडात असतो. उत्तमनं मान डोलावली.

“म्हंजे माझं उष्टं इतकी वर्षं तुमच्या पोटात हुतं म्हणा की.”

“व्हय.”

“आन दाताच्या गोळ्यांनी गेलं.” त्यात टोमणा नव्हता. नवल होतं.

हणमंतनं बसमध्ये सगळं बोलणं जुळवून आणलं होतं. “उत्तम, त्या दिवशी पंगतीत...”

“नळी कुठाय?” उत्तम म्हणाला.

हणमंतनं पेटी उघडून दिली. उत्तम खिडकीपाशी गेला, उजेडात काडी हिरडीवरून फिरवली, नळीत टाकली. मग मान खाली घालून इतक्या हळू थुंकला की आवाजसुद्धा आला नाही. झाकण घट्ट लावलं, नळी पुसली आणि दोन्ही हातांनी पेटीत ठेवली. हणमंतला वाटलं, हा तोंडावर थुंकला असता तर बरं झालं असतं. त्याला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

“तुझी काय अट असंल तर सांग,” तो म्हणाला. “भावकीत बोलू का? चार माणसं बसवून सांगतो, तुझ्याम्होरं. शीतललाबी सांगतो.”

“कसली अट?” उत्तम म्हणाला. “तुमचं तुम्ही बघा. कुणी परका दारात आला असता, तरी एवढं दिलंच असतं की.”

“मी परका न्हवं, उत्तम.”

“मग कोण?”

तो रागानं विचारत नव्हता. खरंच विचारत होता. हणमंतनं तोंड उघडलं. भाऊ म्हणावं तर भावाला कुणी पाटावरून उठवत नाही. जोडीदार म्हणावं तर सनई कपाटात.

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. लसणाचा वास सुटला होता. सून दारात येऊन सासऱ्याकडं बघत राहिली, ताटं किती घेऊ, हे ती डोळ्यांनी विचारत होती. उत्तमनं तिकडं बघितलं नाही. ती पुन्हा आत गेली.

हणमंत उठला. दारात वळून म्हणाला, “परत येऊ का कधी?”

“कशाला?” उत्तम म्हणाला. “आनखी लागली तर अमरला फोन करा, त्यो नळी भरून मिरजंला पोचवंल. ह्या दुखण्यात तुम्ही कशाला हेलपाटे घालताय.” मग पेटीकडं बोट करून म्हणाला, “उन्हात धरू नका.” आणि दार हळूच लावून घेतलं.

औषध लागू पडलं, हे इथंच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला हणमंतच्या जिवाची काळजी नको. त्या नळीतला वाण डॉक्टर मुजावरांच्या लोकांनी वाढवला, लांब सुईनं यकृतातल्या गाठींत सोडला, तो तिथं रुजला आणि टोपणं पुन्हा उघडायला लागली. गाठी आटल्या. हणमंत आजही तासगावात आहे. आणखी नळीची गरज पडली नाही, त्यामुळं अमरला फोन करायचंही निमित्त उरलं नाही.

पण त्या दुपारी तो पेटी मांडीवर घेऊन मिरजेच्या गाडीत बसला होता. शेजारी एक गृहस्थ होते, इस्त्रीचा शर्ट, गप्पिष्ट. मिरजेला मुलीकडं निघालेले. त्यांनी पेटीकडं बघून विचारलं, काय, पेढे का? हणमंत म्हणाला, औषध. गृहस्थ म्हणाले, वय झालं की औषधंच. मग त्यांनी आपल्या पिशवीतल्या शेंगा हणमंतपुढं धरल्या, दोघांनी दोन-चार खाल्ल्या, आणि हणमंतला त्यातल्या त्यात बरं वाटलं.

हातकणंगल्याच्या पुढं शीतलचा फोन आला.

“जेवलात का, बाबा?”

“नाही.”

“इतका उशीर? कुठं आहात?” मग चाचरत, “ती... सापडली का?”

गाडीत बऱ्यापैकी शांत होतं. विजेची गाडी, तिला घरघर नाही. बोललेलं चार बाकांपर्यंत जात होतं, हे हणमंतला दिसत होतं. नंतर करतो म्हणून त्याला फोन ठेवता आला असता.

“बाई न्हाई, शीतल,” तो म्हणाला. “बाई कधीच नव्हती. उत्तमकाका. तुझा उत्तमकाका. वीस वर्षं त्याच्या तोंडातली पत्ती मी माझ्या तोंडात घालत हुतो. त्याची थुंकी नळीत घालून आणलीय आत्ता. मांडीवर हाय.”

पलीकडं तिनं दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “म्हणजे काका अजून आहेत? मग इतकी वर्षं आले का नाहीत? माझ्या सोनूच्या बारशाला बोलावलं होतं मी. मी त्यांना नावं ठेवली, बाबा.”

“त्याला दुसरी सुपारी नव्हती. तुझ्या लग्नात त्याला मी पानावरनं उठवलं. तुझ्या सासरचं माणूस म्हणालं, ही माणसं पलीकडं बसतात ना, आन मी उठवलं. मीठ वाढलेलं हुतं.”

हणमंतला वाटलं ती रडेल किंवा चिडेल, आणि दोन्हींपैकी काही झालं तरी चाललं असतं. पण ती बारीक आवाजात म्हणाली, “आज त्यांनी तुम्हाला जेवायला थांबवलं नाही?”

“पाणी दिलं.”

“मी नंतर करते,” शीतल म्हणाली आणि फोन बंद झाला.

हणमंतनं फोन खिशात ठेवला. शेजारचे गृहस्थ आधी पेटीकडं बघत होते, मग त्याच्या हाताकडं, मग हातातल्या शेंगांकडं. त्यांनी शेंगांची पिशवी बांधली, इकडं उन्ह येतंय म्हणाले आणि उठून पुढच्या बाकावर जाऊन बसले. उन्ह दुसऱ्या बाजूला होतं. थोड्या वेळानं ते तिथल्या माणसाच्या कानाशी काही बोलले. त्या माणसानं मागं वळून बघितलं.

जयसिंगपूरला गाडी भरली. बाजारातून आलेल्या बायका, कॉलेजची पोरं, सगळी दांड्याला धरून उभी. एक बाई हणमंतच्या शेजारी टेकायला आली, तिला कुणीतरी खुणेनं थांबवलं, कानात सांगितलं, आणि ती पदर सावरून बाजूला झाली. हणमंत पेटी दोन्ही हातांनी धरून बसला होता. शीतलच्या लग्नात उत्तम हात धुवायला नळापाशी गेला, तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंना अशीच मोकळी जागा पडली होती, आणि पंगतीतून ती आपल्याला दिसत होती, हे त्याला आठवलं.

तो खिडकीकडं सरकला.

“बसा की,” तो उभ्या असलेल्यांना म्हणाला. “जागा हाय.”

कुणी बसलं नाही.